ऑस्ट्रेलियात लोकशाही बळकट करण्याचे घरगुती उपाय

गेल्या गुरुवारी मला ऑस्ट्रेलिया सरकारकडून मी मागितलेल्या माहितीची ३८ पानं मिळाली. त्यातली ३१ काळी आहेत. काळी म्हणजे चंद्रकळेसारखी काळी. मधेमधे खडी उठून दिसावी तसे 'हाय', 'थँक्स' आणि 'काइंड रिगार्ड्‌स' एवढे शब्द पांढऱ्यात राहिलेत. हे शब्द जनतेला कळले तर देशाला धोका नाही, असा निष्कर्ष कुणीतरी आठ महिने विचार करून काढलेला आहे.

माझा प्रश्न साधा होता. २०१९च्या निवडणुकीआधी आमच्या मेलबर्नमधल्या स्टेशनबाहेर कार पार्क होणार म्हणून पाटी लागली होती. पाटी गेली, कार पार्क आलाच नाही. का, एवढंच विचारलं. मी रोज सकाळी सात-दहाला कुणाच्या तरी गल्लीत गाडी लावतो आणि संध्याकाळी वायपरखाली काय अडकवलंय ते लांबूनच बघत परत येतो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

असो. आपली बरीच मंडळी नुकतीच नागरिक झाली आहेत. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घेतली, कुंडीतलं रोप मिळालं, फेसबुकवर फोटो पडला. आता पुढे काय, असा प्रश्न पडला असेल तर वडिलकीच्या नात्याने चार उपाय सांगतो. करून बघा, इथली लोकशाही अशी ठणठणीत राहील की बघत राहाल.

सर्वांत आधी 'इथे करप्शन नाही हो' हे वाक्य पाठ करा. नाशिकच्या काकांना व्हिडिओ कॉलवर आठवड्यातून एकदा ऐकवा. लायसन्स काढायला गेलो, टोकन घेतलं, फोटो काढला, वर एक डॉलर द्यावा लागला नाही! खरंच आहे. चिरीमिरी ही तलाठ्याच्या टेबलावर अडकलेल्या माणसाची भानगड. मोठी माणसं पक्षाला देणगी देतात आणि पावती घेतात. पक्षाला दिलेले पैसे २०२४-२५ सालात १६,९०० डॉलरपर्यंत असतील तर देणाऱ्याचं नाव सांगायची गरज नव्हती. त्याहून जास्त असतील तर नाव कळायचं, पण पुढच्या फेब्रुवारीत. मे २०२२ला मत दिलंत, कुणाच्या पैशावर प्रचार झाला ते फेब्रुवारी २०२३ला वाचलंत. वरातीमागून घोडं, पण घोडं येतं हे महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२५मध्ये कायदा बदलून ती मर्यादा ५,००० डॉलरवर आणली, याचं कौतुक करा. त्याच कायद्यात पक्षांना दर मतामागे सरकारी तिजोरीतून मिळणारी रक्कम ५ डॉलरपर्यंत वाढवून घेतली, याचं कौतुक जरा हळू आवाजात करा. म्हणजे माझं मत दिलं तर ५ डॉलरचं आणि नाही दिलं तर दंड २० डॉलर.

दुसरा उपाय: माहिती मागा. भारतात २००५पासून १० रुपयांत माहिती मागता येते, त्यासाठी राळेगणच्या अण्णांना उपोषणाला बसावं लागलं. इथे हा कायदा १९८२पासून आहे आणि अर्ज करायला एक सेंटही लागत नाही. फक्त वेळ लागतो. कायद्यात ३० दिवस लिहिलेत. तिसाव्या दिवशी पत्र येतं की तुमची विनंती फार व्यापक आहे, कमी करा. तुम्ही कमी करता. मग मुदतवाढ. मग ज्यांच्याबद्दल माहिती आहे त्यांना विचारावं लागेल म्हणून पुन्हा मुदतवाढ. मधेच तुमच्या फाईलवरची बाई बदलते आणि नवी बाई तुम्हाला विचारते, नक्की काय हवंय? शेवटी चंद्रकळा. त्यातल्या निम्म्या पानांवर कारण असतं 'मंत्रिमंडळाची गोपनीयता' आणि उरलेल्या निम्म्यांवर 'अधिकाऱ्यांचा विचारविनिमय'. पूर्वी क्वीन्सलंडमध्ये म्हणे कागद ट्रॉलीवर घालून मंत्रिमंडळाच्या खोलीतून नुसते फिरवून आणायचे. काशीला जाऊन आल्यासारखे ते पवित्र व्हायचे, मग त्यांना कुणी हात लावायचा नाही.

कागद खरोखरच हवे असतील तर कॅनबेरातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात चौकशी करा. २०१८च्या जानेवारीत एबीसी या सरकारी वृत्तवाहिनीने जी गोपनीय कागदपत्रं छापली ती तिथेच विकल्या गेलेल्या दोन कपाटांतून निघाली होती. किल्ल्या हरवल्या म्हणून कपाटं स्वस्तात काढली. घेणाऱ्याने ड्रिलने कुलूप फोडलं, आत पाच सरकारांची मंत्रिमंडळं. माझ्या ३८ पानांना आठ महिने लागले. ड्रिल बनिंग्जच्या हार्डवेअर दुकानात मिळतं.

पार्किंगचा त्रास होत असेल तर हेलिकॉप्टर घ्या. २०१४मध्ये इथल्या लोकसभेच्या सभापतीबाई पक्षाच्या निधीसंकलनाला मेलबर्नहून जिलाँगला तसंच गेल्या होत्या, ५,२२७ डॉलर सरकारी खर्चाने. ट्रेनने तासभर लागतो.

आणि कार पार्क हवाच असेल, तर घर बदला. चेष्टा नाही. २०२१मध्ये महालेखापालांनी स्टेशनबाहेरच्या कार पार्कांच्या या योजनेचा अहवाल काढला, तो मिळवून वाचा. अहवाल काळा केलेला नाही, हे एक नशीब. ६६ कोटी डॉलर, ४७ जागा. त्यातली एकही जागा खात्याने सुचवलेली नव्हती. कुठल्या स्टेशनवर गर्दी जास्त, लोक गाड्या कुठे लावतात, याचा आणि यादीचा काही संबंध लागत नाही. लेखापरीक्षकांनी नंतर सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की सुरुवात झाली ती काठावरच्या वीस मतदारसंघांच्या यादीपासून. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर रातोरात डांबर पडतं, पण ते निदान पडतं. पहिल्या पावसात वाहून जातं ही पुढची गोष्ट. इथे डांबराची नुसती पाटी लागते.

तेव्हा सुरक्षित मतदारसंघात राहणं हा शुद्ध वेडेपणा. त्याच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे जानेवारी २०२०चा, क्रीडा अनुदानांचा अहवालही तसाच. १० कोटी डॉलर खेळाच्या क्लबांना वाटायचे होते, गुण देऊन क्रम लावायला एक स्वतंत्र संस्था बसवलेली होती. तिने बिचारीने क्रम लावला. मंत्र्यांच्या ऑफिसात मात्र मतदारसंघवार रंगवलेला तक्ता होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका बोलिंग क्लबला तर सव्वा लाखाहून जास्त डॉलरचा पाट्याएवढा चेक द्यायला सरकारी पक्षाची उमेदवार गेली. ती खासदार नव्हती. चेकवर फोटो तिचा, नाव तिचं, पैसे तुमचे. मंत्रीणबाईंनी पुढे राजीनामा दिला, पण तो आपण एका नेमबाजी क्लबच्या सभासद आहोत हे सांगायला विसरल्याबद्दल. वाटपाबद्दल नव्हे.

मंत्रिपद हवं असेल तर गुवाहाटीला जाऊ नका. २०२२च्या जूनमध्ये आपले आमदार सुरत, गुवाहाटी असे हिंडत होते, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इथे कळलं की माजी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी २०२० आणि २०२१मध्ये पाच खाती गुपचूप स्वतःच्याही नावावर करून घेतली होती. गव्हर्नर जनरलनी सही केली. अर्थमंत्र्यांना पत्ता नाही! आपल्या सातबाऱ्यावर चुलतभावाने नाव लावलं तरी तलाठी नोटीस काढतो हो. संसदेने नोव्हेंबरात निषेधाचा ठराव केला. निषेध झाला, तेच शासन.

जागल्या व्हायचं मनात असेल तर आधी वकील करा, मग बायकोला सांगा. लष्करातला माजी वकील डेव्हिड मॅकब्राइड २०२४मध्ये पाच वर्षं आठ महिन्यांसाठी आत गेला. ऑस्ट्रेलियन सैनिकांवर आरोप असलेल्या अफगाणिस्तानातल्या ज्या हत्यांबद्दल देश हादरला त्या प्रकरणात शिक्षा होऊन पहिला तुरुंगात जाणारा माणूस कागद बाहेर काढणारा निघाला.

भ्रष्टाचारविरोधी आयोग असावा, पण त्याची जाहीर सुनावणी असू नये, हाही उपाय लक्षात ठेवा. न्यू साउथ वेल्सने १९८८मध्ये ही चूक केली. तिथला आयकॅक हा आयोग लोकांसमोर प्रश्न विचारतो. ज्या निक ग्रायनरनी तो आणला त्यांचंच मुख्यमंत्रिपद १९९२मध्ये त्याच्यापायी गेलं. २०१४मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरी ओ'फॅरेल म्हणाले, १९५९च्या ग्रेंज वाईनची बाटली मला आलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी हजर झाली, आणि त्यांनी राजीनामा दिला. तीन हजार डॉलरची एक बाटली! ताकाला जाऊन भांडं लपवलं आणि भांडंच सापडलं. कॅनबेराने यातून धडा घेतला. जुलै २०२३मध्ये राष्ट्रीय आयोग सुरू केला आणि सुनावणी जाहीर फक्त 'अपवादात्मक परिस्थितीत', असं लिहून ठेवलं.

अपवादात्मक म्हणजे काय, हे विचारू नका. रोबोडेटही त्यात बसलं नाही.

रोबोडेट आठवतंय ना? नसेल आठवत तर तुम्ही तेव्हा 'पीआर'च्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, रांगेत होतात आणि तुम्हाला भत्ता मिळतच नव्हता, म्हणून बचावलात. सरकारने टॅक्स ऑफिसकडून माणसाची वर्षाची कमाई घेतली, तिला २६ने भागलं आणि म्हणालं, तू दर पंधरवड्याला एवढे कमावत होतास, तरी सेंटरलिंककडून सरकारी भत्ता घेतलास, आता पैसे परत कर. सुट्टीत तीन महिने दुकानात राबलेला आणि उरलेलं वर्ष कॉलेजात काढलेला पोरगा एका भागाकाराने लबाड ठरला. सात वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या आण म्हणाले. तो आणणार कुठून? दुकान बंद पडलेलं. पत्रं, फोन, मग वसुली करणाऱ्या कंपन्या. चार लाखांहून जास्त माणसं, हो. दोन आयांनी रॉयल कमिशनपुढे, म्हणजे चौकशी आयोगापुढे, बसून आपल्या गेलेल्या मुलांबद्दल सांगितलं. कायदा बदलल्याशिवाय हे करता येणार नाही असा सल्ला सरकारला २०१४मध्येच मिळाला होता! तरी २०१९पर्यंत गाडा चालू. आणि जेव्हा कोर्टात उभं राहायची वेळ आली तेव्हा काय, तर सरकारने नोव्हेंबर २०१९मध्ये मान हलवली की हो, बेकायदेशीर होतं.

रॉयल कमिशनने जुलै २०२३मध्ये लिहिलं, ओबडधोबड आणि क्रूर, ना न्याय्य ना कायदेशीर. काही नावं सीलबंद पाकिटात घालून पुढे पाठवली. नव्या कोऱ्या राष्ट्रीय आयोगाने जून २०२४मध्ये सांगितलं, आम्हाला यात चौकशी करण्यात काही हशील दिसत नाही. मग त्या आयोगावरच्या निरीक्षकांनी तपासलं, तर आयोगाच्या प्रमुखांची त्यातल्या एकांशी ओळख होती आणि तरी ते निर्णयापासून पुरेसे लांब राहिले नव्हते. म्हणून पुन्हा विचार, मग २०२५मध्ये चौकशी करायचं ठरलं. दरम्यान १२ अधिकाऱ्यांनी मिळून ९७ वेळा आचारसंहिता मोडल्याचं सिद्ध झालं, आणि त्यातले जे नोकरी सोडून गेले होते त्यांना शिक्षा देण्याची तरतूदच नाही. मला आठवड्याला पार्किंगची चिठ्ठी येते. मुदतीत भरली नाही तर रक्कम वाढते. मला विचारविनिमयाची गोपनीयता नाही!

आता हे खवचटपणे लिहायचा मला कंटाळा आलाय, सरळ विचारतो. तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराचं नाव सांगा. फोन खाली ठेवा आणि सांगा.

नाही ना येत? मलाही २०१९पर्यंत येत नव्हतं. पण तो आपल्या गणेशोत्सवाला आला की फेटा बांधायला आपणच पुढे. शेजारी उभं राहायला धक्काबुक्की होते. 'नमस्ते' म्हणाला की टाळ्या. आपण त्याला काय विचारतो? हॉलचं भाडं कमी होईल का, आणि पुढच्या वर्षीचं सांस्कृतिक अनुदान मिळेल का. त्याने आणलेला भलामोठा चेक पकडून फोटो काढणाऱ्यांत आपणही आहोत, फक्त आपला चेक लहान असतो. मत द्यायला जातो ते २० डॉलरच्या भीतीने, आणि रांगेतही चर्चा व्हेज सॉसेज कुठल्या स्टॉलवर आहे याची. कुणी काही बोललंच तर, जाऊ दे, आपण बाहेरचे. बाहेरचे कसले? 'ज्यांच्या लोकशाहीवर माझा विश्वास आहे' असं हात वर करून म्हणालात ना, त्या रोपाच्या आधी? पुण्यात होतो तेव्हा महापालिकेच्या नावाने कट्ट्यावर गळा काढायचो. इथे आल्यावर सगळ्यांची दातखीळ बसली, कारण वीज जात नाही आणि नळाला पाणी येतं.

पुढच्या शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाला साहेब येताहेत. फेटा बांधायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलंय, आणि 'काका, प्लीज, काही विचारू नका हं' असंही बजावलंय. फेटा बांधतो. ती ३१ पानं मी लॅमिनेट करून आणणार आहे, स्टेजच्या डाव्या बाजूला उभा असेन. तुम्हाला सेल्फीच्या रांगेत जायचं असेल तर माझ्या पुढून जावं लागेल.