जुआनिटा ब्रूक्स राहिल्याच!

मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) लेखकांवरचा तुमचा लेख छान आहे, पण मॉर्मन लेखक म्हणजे एकतर धर्माचे भाट नाहीतर धर्म सोडून गेलेले, हे त्यातलं वाक्य खटकलं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज गावच्या इतिहासकार जुआनिटा ब्रूक्स यांना कुठल्या खणात घालणार? तरुण शिक्षिका असताना नीफाय जॉन्सन नावाच्या म्हाताऱ्याने, मला काही लिहवून घ्यायचंय, असं त्यांना सांगितलं होतं. बाईंनी आज-उद्या केलं. शेवटी त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो अंथरुणावर भ्रमात 'रक्त, रक्त' ओरडत होता. तो 1857 च्या माउंटन मेडोज हत्याकांडाचा साक्षीदार! तिथे मॉर्मनांनी सुमारे 120 वाटसरू मारले, 17 लहान पोरं तेवढी वाचली. मारेकऱ्यांपैकी देहदंड झाला तो एकट्या जॉन ली याला, फाशी नव्हे, गोळ्या घालून, तोही 20 वर्षांनी. हे सगळं बाईंनी 1950 मध्ये पुस्तकात छापलं. चर्चमधले वरिष्ठ नाराज झाले, पण बाईंनी ना पुस्तक मागे घेतलं, ना चर्च सोडलं. घरी लिहिताना इस्त्रीचे कपडे कायम जवळ. शेजारीण डोकावली की टाइपरायटर त्याखाली गडप! (घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.) त्याच गावच्या कादंबरीकार मॉरीन व्हिपल यांच्यावरही लिहा की.