‘समुद्रातला गोंगाट हे थोतांड’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जहाजांच्या आवाजाचा देवमाशांना त्रास होतो हे थोतांड आहे. समुद्र एवढा अफाट, त्यात जहाजांचा आवाज विरून जातो. जहाजाचा आवाज खरंच १९० डेसिबल, म्हणजे जेट विमानाहून मोठा असता, तर सगळे देवमासे कधीच मेले असते. त्रासाचे आकडे शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर बसून ठोकलेले. त्रास झालाच तर प्राणी दूर जातील. आणि शेवटी, ‘आपले काय करनं शे?’ चांगल्या शिकलेल्यांनाही हे पटतंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आवाज विरतो? पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, आणि खालच्या पट्टीतला, म्हणजे जाड, घुमणारा आवाज पाणी फारच थोडा शोषतं. १९९१ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळ पाण्यात सोडलेला ५७ हर्ट्झचा आवाज बर्म्युडाजवळ आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर टिपला गेला. मोठ्या जहाजांचा गोंगाट याच खालच्या पट्टीत असतो. निळ्या देवमाशाच्या हाकाही तिथेच असतात.

१९० डेसिबल आणि जेटची तुलना मात्र मुळात चुकीची आहे, आणि ती भीती घालणारेही सर्रास करतात. हवेतलं डेसिबल २० मायक्रोपास्कल दाबापासून मोजतात, पाण्यातलं १ मायक्रोपास्कलपासून. शिवाय पाणी हवेहून कितीतरी घट्ट. दोन्ही धरून पाण्यातल्या आकड्यातून सुमारे ६२ वजा केले, तर हवेशी तुलना होते. त्यात १९० हा आकडा जहाजापासून १ मीटरवरचा. आवाज चहूकडे पसरतो असं धरलं, तर १ किलोमीटरवर तो ६० डेसिबलने घटतो. तेव्हा देवमासे पटापट मरत नाहीत यात नवल नाही. पण मरण एवढीच इजा असते का? हाक ऐकू न येणं, कान तात्पुरते किंवा कायमचे बधिर होणं, सतत ताणाखाली राहणं, या सगळ्या इजाच आहेत. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची वर्दळ कमी झाली, गोंगाट ६ डेसिबलने उतरला, आणि तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं कमी झालेली आढळली.

आता ‘ठोकलेल्या’ आकड्यांकडे. मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच आरोप. प्राण्यांच्या वाट्याला किती आवाज येतो हे कसं काढतात ते बघा. आधी जहाजांचे मार्ग आणि वेग त्यांच्या ओळख-यंत्रणेच्या नोंदींतून घेतात. मग पाण्याचं तापमान, क्षारता, खोली आणि तळ चिखलाचा की खडकाचा यावरून आवाज कुठे वळेल, कुठे दबेल हे गणितानं काढतात. कॉम्प्युटरवरच्या या समुद्रात हजारो आभासी प्राणी सोडतात. खऱ्या प्राण्यांच्या अंगावर चिकटवलेल्या यंत्रांनी नोंदवल्याप्रमाणे ते बुडी मारतात, वर येतात. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसभरात किती आवाज आला याची बेरीज होते. जिनिंग मिलमधून चालत जाणारा आणि तिथे आठ तास राबणारा मजूर यांच्या कानांची अवस्था सारखी नसते, तसंच हे. काळ दुप्पट झाला की मात्रा ३ डेसिबलने वाढते. कुठला प्राणी कुठली पट्टी ऐकतो त्याप्रमाणे त्या पट्टीतल्या आवाजाला कमी-जास्त वजन देतात, आणि पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालच्या माइकच्या मोजमापाशी आकडे ताडून पाहतात. अमेरिकेच्या सागरी मत्स्य विभागाने प्राणिगटांनुसार आवाजाच्या मर्यादा २०१६ मध्ये जाहीर केल्या, २०१८ आणि २०२४ मध्ये सुधारल्या. अनिश्चितता आहेच, म्हणून तर उत्तर एका आकड्यात न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं देतात. ठोकून देणारा असं करत नाही.

‘दूर जातील’ हे बोलायला सोपं. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे इतर हंपबॅकसारखं लांबचं स्थलांतर करत नाहीत. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराहून कमी असल्याचा अंदाज आहे. त्यांचं खाणंही इथेच, वीणही इथेच.

राहिला आपला संबंध. रावेर-यावलची केळी कंटेनरमध्ये भरून न्हावा शेव्याहून याच अरबी समुद्रातून आखातात जातात. म्हणजे त्या गोंगाटात आपलाही वाटा आहे, आणि जहाजं बंद करा असं इथे कुणी म्हणत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून किलर व्हेलच्या भागात जहाजांना स्वेच्छेने वेग कमी करायला सांगितलं, आणि कमी आवाज करणाऱ्या जहाजांना बंदर-शुल्कात सवलत दिली. वेग किती उतरवला तर प्राण्यांच्या वाट्याचा आवाज किती घटेल, हे काढायला हीच गणितं लागतात.