ब्रश थांबला की म्हणे मोटर जळली!

कार्पेट धुण्याच्या मशीनचा ब्रश फिरायचा थांबला रे थांबला की निकाल तयार: "मोटर गेली." अरे, आधी प्लग काढा, मशीन उलटं करा आणि ब्रश हाताने फिरवून तर बघा!

नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या चिडीच्या हिशेबाने, दोन्ही टोकांच्या बेअरिंगशी केसांचा आणि दोऱ्यांचा ओला गुंता आवळून बसलेला असतो. वरून दिसत नाही. टोकाची टोपी काढली की दिसतो, काळा, बांगडीसारखा घट्ट. ब्लेडने कापा, चिमट्याने ओढा. तो तसाच ठेवून मशीन रेटलं की मोटरवरून ब्रश फिरवणारा पट्टा घसरून झिजतो, नाहीतर मोटर तापून थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, पडतो. मग अर्धा तास थंड होऊ द्यायचं, दर मिनिटाला बटण दाबत बसायचं नाही!

कान द्या जरा. मोटर फिरल्याचा आवाज येतोय पण ब्रश ढिम्म? पट्टा तुटला किंवा सैल झाला. आवाजच नाही? हँडल उभं असेल तर कित्येक मशीनमध्ये ब्रश मुद्दामच बंद राहतो. तेही नसेल तर मल्टिमीटरने स्विच आणि हँडलच्या सांध्यातली वायर तपासा, वाकून वाकून ती तिथेच तुटते. मग कार्बन, म्हणजे मोटरच्या आत वीज पोहोचवणारे कार्बनचे दोन छोटे ठोकळे. झिजून आखूड झाले असतील तर दोन्ही एकदम बदला. एकच बदलून पैसे वाचवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.