ब्रह्मगिरी ज्वालामुखी नाही, पण भूकंपाचा धोकाही शून्य नाही

‘भूपट्टांची कड त्र्यंबकच्या डोंगरांखालून जाते, ब्रह्मगिरी हा निद्रिस्त ज्वालामुखी आहे, आज रात्री 2 वाजता 7 रिश्टरचा धक्का बसणार, घराबाहेर झोपा’ असा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतो आहे. कृपया पुढे पाठवू नका.

भूकंपाची वेळ आधी सांगणारं तंत्र जगात कुणाकडेच नाही. भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा. भारतीय भूपट्टाची कडही इथे नाही. तो आशियाला धडकतो तिकडे हिमालयात, वर्षाला काही सेंटिमीटरच्या गतीने. ब्रह्मगिरी, अंजनेरीच्या कड्यांवर दिसणारे आडवे थर लाव्हाचेच आहेत, हे खरं. पांडवलेणी कोरली तो काळा पाषाणही तोच. पण तो लाव्हा भेगांतून पसरला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. आता त्याखाली उकळतं काही नाही.

म्हणून निर्धास्त राहावं, असं मात्र अजिबात नाही. किल्लारीही कडेपासून लांबच होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथे हजारो माणसं गेली, मुख्यतः दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं अंगावर कोसळून. भूपट्टाच्या पोटातही ताण साठतो आणि जुन्या भेगांवर मोकळा होतो. दिंडोरी, पेठ, कळवणकडे अधूनमधून हादरे बसतात. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नाशिक झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. काळजी वाटत असेल तर जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या फुगलेल्या भिंती अभियंत्याला दाखवा, आणि नवं घर घेताना आराखडा भूकंपरोधक आहे का, हे बिल्डरला लेखी विचारा.