‘चांगल्या गाड्या परदेशात, नाकारलेल्या भारतात’ : एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही महिने वाहनप्रेमींच्या गटांमध्ये फिरणारा एक लांबलचक संदेश परवा माझ्या मावसभावाने मला पाठवला. शंका विचारण्यासाठी नव्हे, तर त्यावर विसंबून एका दलालाला टोकन द्यायची तयारी झाली आहे हे कळवण्यासाठी. संदेशाचा सारांश असा : परदेशी कंपन्या भारतीयांना दुय्यम ग्राहक समजतात, म्हणून आपली चांगली मॉडेल्स येथे विकत नाहीत, चाकणला बनणाऱ्या चांगल्या गाड्या मेक्सिकोला जातात आणि तपासणीत नाकारलेल्या गाड्या आपल्या माथी मारल्या जातात, एखादी चांगली गाडी आलीच तर तिची किंमत म्हणजे लूट असते, त्याच नावाच्या गाडीत बाहेरच्या देशांत जास्त सुरक्षा असते, आणि या सर्वांवर उपाय म्हणजे भूतानमार्गे आलेली परदेशी गाडी स्वस्तात घ्यावी.

शेवटच्या मुद्द्याने लोकांचे सर्वाधिक नुकसान होणार आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. वापरलेली परदेशी गाडी भारतात आणण्याचे नियम स्पष्ट आहेत : ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. शिवाय गाडीच्या मूळ किमतीहून अधिक रक्कम करापोटी भरावी लागते. टोयोटाची जुनी लँड क्रूझर भूतानच्या सीमेवरून रस्त्याने आणण्याचा कोणताही मार्ग या नियमांत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागाने केरळमध्ये नेमक्या याच प्रकारच्या गाड्यांवर छापे घातले आणि तिसांहून अधिक वाहने ताब्यात घेतली. बनावट कागदपत्रांच्या आधारे त्यांची नोंदणी इतर राज्यांत झाल्याचा आरोप आहे. दलाल पैसे घेऊन बाजूला होतो आणि गाडी जप्त होते ती शेवटच्या खरेदीदाराच्या दारातून. विक्रेता आयातीचे ‘बिल ऑफ एन्ट्री’, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेला आयातीचा कागद, दाखवू शकत नसेल, तर त्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

आता ‘नाकारलेल्या गाड्यां’विषयी. हा मुद्दा किती निराधार आहे, हे मेक्सिकोतील वाहतूक डाव्या स्टिअरिंगची आहे एवढे लक्षात घेतले तरी कळते. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून मेक्सिकोला गेलेली व्हेंटो डाव्या स्टिअरिंगची होती. तिचा डॅशबोर्ड, पेडल, वायपर, दिव्यांच्या झोताची दिशा हे सारे तेथील रस्त्यांसाठी बसवलेले असते. अशी गाडी तपासणीत नापास झाली, तर ती कोल्हापूरच्या शोरूममध्ये कशी येणार? तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री बंद केली, पण तळेगावला निर्यातीसाठी उत्पादन २०२० च्या डिसेंबरपर्यंत चालू राहिले. म्हणजे तीन वर्षे त्या कारखान्यातील एकही गाडी भारतीय ग्राहकासाठी नव्हती, चांगलीही नाही आणि नाकारलेलीही नाही. एखाद्या देशात गाडी बनवणे आणि त्याच देशात ती विकणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्यात मजुरी, सुटे भाग आणि बंदर यांचा हिशेब असतो. दुसऱ्यात कर, नियम, विक्रेत्यांचे जाळे, सर्व्हिस सेंटर आणि विकल्या जाऊ शकणाऱ्या गाड्यांची संख्या यांचा.

हा दुसरा हिशेब समजून घ्यायचा तर सुझुकीच्या जिम्नी या जीपवजा छोट्या गाडीकडे पाहावे. मारुती सुझुकीने जानेवारी २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये बनवलेली तीन दारांची जिम्नी कोलंबिया, पेरू अशा देशांना पाठवायला सुरुवात केली, पण भारतात ती विकली नाही. संदेशात हा ‘अपमाना’चा पुरावा म्हणून दिला आहे. खरे कारण आपल्या कररचनेत आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि लहान गाडीची व्याख्या केली : लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. भारतातील गाड्यांचा आकार गेली वीस वर्षे या एका व्याख्येने ठरवला आहे. २०१२ मध्ये स्विफ्ट डिझायरची डिकी कापून लांबी ३९९५ मिलिमीटरवर आणली गेली, ती याचसाठी. सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे आणि न बसणाऱ्या गाडीला ४० टक्के. जिम्नी चार मीटरच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे आहे, त्यामुळे सवलत नाही. मागे दोन दारे नसलेली, चार जणांची आणि वर मोठ्या गाडीचा कर लागणारी गाडी येथे किती कुटुंबे घेतील, हा प्रश्न कंपनीने विचारला तर त्यात अपमान कोणता?

पुढे जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी भारतात आलीच, आणि तिला बेताचाच प्रतिसाद मिळाला. तीच गुरुग्रामची गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये जाहीर झाली तेव्हा चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नव्या मागण्या घेणे थांबवावे लागले. त्याच जिम्नीचे युरोपात काय झाले? तेथे कंपनीच्या विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा आहे आणि मर्यादेपलीकडील प्रत्येक ग्रॅमला, प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड आहे. किलोमीटरला दीडशे ग्रॅमहून अधिक उत्सर्जन असलेली जिम्नी प्रवासी गाडी म्हणून तेथून गेली आणि मागची आसने काढून मालवाहू वाहन म्हणून परत आली, कारण मालवाहू वाहनांचा हिशेब वेगळा असतो. जर्मन माणसाला सुझुकी दुय्यम समजते, असे या संदेशाचे लेखक म्हणतील काय? अमेरिकेत टोयोटाची हायलक्स मिळत नाही, कारण तेथे बाहेरून येणाऱ्या पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के जकात आहे आणि त्या बाजारासाठी टोयोटाने वेगळी पिकअप बनवली आहे. ती हायलक्स भारतात २०२२ पासून मिळते.

किमतीच्या मुद्द्यावर फार थांबण्याचे कारण नाही. भारतात गाडी विकण्यापूर्वी तिचे टाइप अप्रूव्हल, म्हणजे ते मॉडेल येथील नियमांत बसते अशी मान्यता, घ्यावे लागते. त्यासाठी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेसारख्या संस्थांत चाचण्या होतात, आणि त्यांचा खर्च शंभर गाड्या विकल्या काय किंवा लाख विकल्या काय, सारखाच असतो. २०१८ मध्ये केंद्राने वर्षाला २५०० गाड्यांपर्यंत यातून सूट दिली. तिच्याच आधारे फोक्सवॅगनची परदेशात पूर्ण बांधलेली गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये आली. पहिल्या खेपेत १५० गाड्या आणि किंमत सुमारे ५३ लाख. पूर्ण बांधलेल्या गाडीवरची भरमसाट आयात जकात आणि त्यावर जीएसटी यांनी या किमतीचा मोठा भाग बनतो. तो पैसा सरकारकडे जातो.

राहिला सुरक्षेचा मुद्दा, आणि येथे संदेशात अर्धे सत्य आहे हे मला मान्य करावे लागते. रेनोची भारतातील क्विड २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या, गाडी आदळून सुरक्षेला पाचपैकी तारे देणाऱ्या चाचणीत शून्य तारे घेऊन बाहेर पडली, आणि पुढच्या वर्षी ब्राझीलमध्ये मजबूत सांगाडा व चार एअरबॅग घेऊन तिने तीन तारे मिळवले. २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या फोक्सवॅगन पोलोलाही येथे शून्य तारे मिळाले होते. कायद्याने मागितले नाही ते कंपन्यांनी दिले नाही, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली. त्याचा राग मलाही आहे. पण तो राग योग्य जागी पोहोचायला हवा. दोन फ्रंट एअरबॅग सक्तीच्या झाल्यावर सगळ्याच कंपन्यांनी त्या बसवल्या. सहा एअरबॅगचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला, आधी एक वर्षाने पुढे ढकलला गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणार नाही असे नितीन गडकरी यांनी सांगितले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या आपल्या देशाच्या तारांकन चाचणीत भाग घेणेही कंपनीच्या मर्जीवर आहे. जिम्नी पेरूला का गेली हे विचारण्यापेक्षा ही सक्ती का मागे घेतली, हा प्रश्न या गटांतून आपापल्या खासदाराला गेला पाहिजे.