ॲपमधला हिरवा रंग आणि मातीची भिंत

खानदेशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: "घराचा प्लॅन ॲपमध्ये टाका, राउटरची जागा दाखवा. हिरवं दिसेल तिथे वाय-फाय फुल. मोजत बसायची गरज नाही." असं सिम्युलेशन, म्हणजे प्लॅनवरून सिग्नलचा अंदाज बांधणं, कामाचं आहेच, पण एवढ्यावर विसंबून वायर ओढू नका.

"प्लॅन टाकला की झालं." प्लॅनमध्ये भिंतीची रेघ असते, भिंत कशाची आहे ते नसतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.2040 शिफारशीतले काँक्रीटचे आकडे घेतले, तर 15 सेंमी जाडीत वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरीचे सुमारे 10 डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप) जातात, म्हणजे दहावा हिस्सा उरतो. 5.5 गिगाहर्ट्झला, म्हणजे राउटरच्या '5' वाल्या लहरींना, 19 जातात, उरतो ऐंशीवा हिस्सा. परावर्तन आणि सळया वेगळ्याच. धाब्याच्या घराची दीड-दोन फुटी मातीची भिंत तर ॲपच्या यादीत बहुधा सापडतच नाही. तिला 'वीट' निवडली की नकाशा हिरवा होतो, आतल्या खोलीत मात्र फोन चाचपडत राहतो. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की शोषण आणखी वाढतं.

"मोजायची गरज नाही." उलट, मोजायचं आधी. राउटरचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड (लहरींचे पट्टे) वेगळ्या नावांनी लावा. मोकळ्या जागेत राउटरपासून 3 मीटरवर ॲन्ड्रॉइड फोनमध्ये सिग्नल मोजणाऱ्या ॲपवर डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, बघा. फोन हातभर इकडेतिकडे सरकवत दहा रीडिंग घ्या, सरासरी काढा. मग तेवढ्याच अंतरावर मध्ये भिंत येईल असं पुन्हा करा. दारापासून लांब राहा, नाहीतर लहर दारातून वळून येते आणि भिंत उगाच हलकी ठरते. दोन सरासऱ्यांतला फरक हाच तुमच्या भिंतीचा आकडा. तो ॲपमध्ये भरा. प्रत्येक प्रकारच्या भिंतीसाठी आणि दोन्ही बँडसाठी हे वेगळं करावं लागतं.

"हिरवं म्हणजे फुल." साधी ॲपं अंतर आणि भिंती मोजून सरासरी सांगतात. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंमीची असते. लोखंडी कपाटावरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीला मारते, म्हणून चार बोटं फोन हलला तरी सिग्नल पडतो. शिवाय नकाशा राउटरचा सिग्नल फोनपर्यंत किती येतो ते दाखवतो, फोनचा राउटरपर्यंत किती जातो ते नाही. फोनची ताकद बहुधा कमीच असते.

"एकदा केलं की कायमचं." हॉलमधून घरासमोरच्या ओट्यावर सिग्नल जातो तो खिडकीतून. एप्रिलमध्ये त्याच खिडकीत पत्र्याचा कूलर बसतो: पत्रा लहर परतवतो, टाकीतलं पाणी आणि ओले पॅड ती शोषतात. ओट्यावर नेट हवं असेल, तर कूलर लावून, टाकी भरून, पॅड भिजल्यावरच मोजा.