चुंबकावर भिस्त नको

सापडलेला दगड अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, आहे का हे कसं ओळखायचं यावरच्या एका लेखात ‘चुंबक चिकटला की अशनी’ असं म्हटलंय. महाराष्ट्रात हे फसवं ठरतं. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं, त्यालाही चुंबक चिकटतो. शिवाय जोरकस निओडिमियम चुंबक खऱ्या अशनीला लावला तर त्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, आणि ती परत मिळत नाही!

आधी नुसतं पाहा. ताज्या अशनीवर जेमतेम मिलिमीटरभर काळी, वितळून झालेली पापुद्री असते. तुटलेल्या कडेला आतला राखाडी दगड दिसतो. भोकंच भोकं असतील तर बहुधा धातूच्या भट्टीतली मळी किंवा लाव्हा. मग टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा: लालसर रेघ म्हणजे हेमॅटाइट (हेही लोहाचं खनिज), गडद करडी-काळी म्हणजे मॅग्नेटाइट. अशनीची रेघ सहसा उमटत नाही. शेवटी एक कोपरा पॉलिश पेपरवर कोरडाच घासा (पाण्याने आतलं लोखंड गंजतं). उन्हात लोह-निकेलचे चकचकीत कण दिसले तर पुढे जायचं.

अशनीचा गट मात्र डोळ्यांनी ठरत नाही. २०१२ साली नागपूरजवळ काटोलला पडलेला अशनी एल६ गटातला. ‘एल’ म्हणजे लोह कमी, आणि ६ म्हणजे तो ज्या मूळ पिंडातून तुटला त्यात इतका तापलेला की कॉन्ड्रूल, म्हणजे खनिजांचे ते बारीक गोळे, पुसट झालेत. गट ठरवायला पातळ काप काढून ऑलिव्हिन या खनिजातलं लोहाचं प्रमाण मोजावंच लागतं.